परतीची यादी कोणाच्या हातात?

2018 च्या फेब्रुवारीत बांगलादेशाने म्यानमारकडे तिथून पळून आलेल्या 8,032 रोहिंग्यांच्या नावांची यादी दिली. ही माणसं तुमची, तपासा आणि परत घ्या, असा त्याचा अर्थ. महिन्याभराने म्यानमारचं उत्तर आलं की यातल्या 374 जणांचीच ओळख पटते. बाकीच्यांच्या अर्जांना फोटो नाहीत, बोटांचे ठसे नाहीत. त्या वेळी बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर सात लाखांहून जास्त नवे लोक बांबू आणि ताडपत्रीच्या आडोशाला होते.

माणसांचा लोंढा सीमा ओलांडतो आणि त्यामुळे दोन देशांचे संबंध बिघडतात, असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं. लोंढा येतो त्या दिवसांत दोन्ही राजधान्या गोंधळलेल्या असतात. खरी जुंपते ती परतीचा विषय निघाल्यावर. कोण कोणाचा नागरिक, हे कोणी ठरवायचं? ज्याने हाकललं त्यानेच ठरवायचं असेल, तर करारावर कितीही सह्या झाल्या तरी माणसं हलत नाहीत. एकमेकांवर विश्वास असलेल्या देशांत हा प्रश्न कारकुनी पातळीवर सुटतो. वैर असलेल्या शेजाऱ्यांत तोच परराष्ट्र धोरण होऊन बसतो.

रोहिंग्यांचंच उदाहरण पुढे नेऊ. 1978 साली सुमारे दोन लाख लोक बांगलादेशात आले. त्याच वर्षी करार झाला आणि बहुतेक परत गेले. 1982 मध्ये म्यानमारने नागरिकत्वाचा नवा कायदा केला, त्यात बहुतेक रोहिंग्या नागरिक ठरत नव्हते. 1991-92 मध्ये पुन्हा अडीच लाख आले, पुन्हा करार झाला, पुन्हा बहुतेक परत गेले. त्यानंतर 1995 पासून त्यांच्या हातात तात्पुरती पांढरी कार्डं आली आणि 2015 मध्ये तीही रद्द झाली. म्हणजे प्रत्येक फेरीत माणूस परत गेला तो आधीपेक्षा कमी कागद घेऊन. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये तिसरा करार झाला, तेव्हा त्यातली मुख्य अट होती म्यानमारमधल्या वास्तव्याचा पुरावा. जळालेल्या गावातून रात्री निघालेल्या माणसाने तो कुठून आणायचा, याचं उत्तर करारात नव्हतं.

त्या कराराची आकडेमोडही करून बघण्यासारखी आहे. 2018 च्या जानेवारीत ठरलं की दिवसाला 300 जण, आठवड्याला 1,500 जण जातील आणि काम दोन वर्षांत संपेल. सात लाखांना 1,500 ने भागलं तर 466 आठवडे होतात, म्हणजे जवळपास नऊ वर्षं. दोन वर्षांत या वेगाने दीड लाखाच्या आसपासच लोक गेले असते. ज्यांनी सही केली त्यांना भागाकार येत नव्हता असं नाही. बांगलादेशाला आपल्या जनतेला तारीख दाखवायची होती, म्यानमारला जगाला करार दाखवायचा होता. 15 नोव्हेंबर 2018 आणि 22 ऑगस्ट 2019 अशा दोन तारखा ठरल्या. दुसऱ्या वेळी म्यानमारने 3,450 नावं मंजूर केली होती, बसगाड्या तयार होत्या. एकही जण चढला नाही. नागरिकत्व, सुरक्षितता आणि जमीन या तिन्हींपैकी कशाचीच हमी नव्हती. शिवाय यादी दोन सरकारांनी आपसात केलेली. ज्यांची नावं त्यात होती त्यांना आधी विचारण्याचं काम मागाहून झालं. परतीच्या योजना फसण्याचं हे सर्वात साधं कारण आहे, आणि ते दर वेळी नव्याने सापडल्यासारखं अहवालात लिहिलं जातं.

याच्या अगदी उलट घडलं ते 1971-72 मध्ये. 25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली. वर्ष संपेपर्यंत भारतात आलेल्यांचा सरकारी आकडा 99 लाखांच्या घरात गेला. त्रिपुराची तेव्हाची लोकसंख्या साडेपंधरा लाख आणि तिथे आलेले निर्वासित चौदा लाख. पश्चिम बंगालमध्ये सत्तर लाखांहून जास्त. 15 नोव्हेंबरपासून देशभर पत्रांवर पाच पैशांचं जादा 'शरणार्थी सहायता' तिकीट लावणं सक्तीचं झालं. सीमेपासून हजारो किलोमीटर लांब राहणाऱ्यालाही पूर्व पाकिस्तानचा प्रश्न असा टपालातून घरी आला.

इंदिरा गांधींनी 24 मे रोजी लोकसभेत मांडलेला मुद्दा होता की पाकिस्तान ज्याला आपली अंतर्गत बाब म्हणतो ती आता भारताचीही अंतर्गत बाब झाली आहे. हे नुसतं भाषण नव्हतं. दुसऱ्या देशाच्या कारभारात हस्तक्षेप करायचा नाही, या नियमाला वळसा घालण्याचा तो कायदेशीर पाया होता. माणसं सीमा ओलांडतात तेव्हा शेजाऱ्याचा अत्याचार आपल्या तिजोरीवरचा खर्च बनतो, आणि खर्च सोसणाऱ्याला बोलण्याचा हक्क मिळतो. त्याच वेळी भारताने आणखी एक गोष्ट जाणीवपूर्वक केली. आलेल्यांची नोंद तात्पुरते आलेले परदेशी म्हणूनच ठेवली. ते परत जाणार, हे पहिल्या दिवसापासून जाहीर धोरण होतं. 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही तेव्हा नव्हती, आजही नाही. त्यामुळे दर्जाचा सगळा निर्णय दिल्लीच्या हातात राहिला.

16 डिसेंबरला युद्ध संपलं. जानेवारीत परतीचा ओघ सुरू झाला आणि मार्च संपेपर्यंत बहुतेक सगळे गेले. जवळपास एक कोटी माणसं, तीन महिने. हे शक्य झालं कारण पडताळणी करणारं सरकारच बदललं होतं. ढाक्यात जे सत्तेवर आले त्यांना ही माणसं हवी होती. तुमचे कागद कुठे, असं कोणी विचारलं नाही. आजच्या चर्चेत 1972 चा दाखला 'बघा, परत पाठवता येतं' म्हणून दिला जातो, तेव्हा हा तपशील गाळलेला असतो. तिथे हाकलणारी सत्ताच हरली होती. ती टिकून असताना एवढ्या वेगाने झालेली परतपाठवणी शोधायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही.

आणि 1972 ची शेपटीही लांब निघाली. 1985 च्या आसाम करारात परकीय ठरवण्याची रेषा 24 मार्च 1971 च्या मध्यरात्रीवर आखली गेली, म्हणजे लष्करी कारवाईच्या आदल्या दिवसावर. त्यानंतर आलेला परकीय. पण परकीय ठरवणं एका देशाच्या हातात असतं आणि परत घेणं दुसऱ्याच्या. ढाका म्हणत आलं की ही माणसं आमची आहेत हे सिद्ध करा. 2003 च्या सुरुवातीला कूचबिहार जिल्ह्यात सातगाछीजवळ दोनशेंहून जास्त गारुडी कुटुंबांसह दोन सीमा दलांच्या मधल्या पट्ट्यात अडकले. भारताचं म्हणणं, हे बांगलादेशी. बांगलादेशाचं म्हणणं, हे भारतीय. थंडीत कित्येक दिवस ती माणसं उघड्यावर राहिली, दोन्ही बाजूंनी जादा जवान आणले गेले. दोन मित्र म्हणवणाऱ्या देशांची ही गत, तर वैऱ्यांचं काय होत असेल.

यादीइतकीच दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे छावणीचं सीमेपासूनचं अंतर. आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या 1969 च्या करारात स्पष्ट कलम आहे की निर्वासितांना शक्यतो मायदेशाच्या सीमेपासून वाजवी अंतरावर वसवावं. व्यवहारात पन्नास किलोमीटर हा ठोकताळा धरतात. का, ते 1994 च्या जुलैत रवांडाच्या सीमेलगतच्या गोमा शहरात दिसलं. रवांडातला नरसंहार करणारं सरकार हरलं आणि काही दिवसांत त्या सरकारच्या हुतू जमातीचे दहा लाखांच्या आसपास लोक झैरेमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, शिरले. त्यांच्यात सामान्य शेतकरी होते, तसेच हरलेल्या सैन्याचे जवान आणि नरसंहार घडवणाऱ्या इंटराहाम्वे टोळ्याही. किबुम्बा, मुगुंगा, काताले या छावण्या सीमेला जवळजवळ चिकटून उभ्या राहिल्या. जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची, त्यामुळे संडासाचे खड्डे खणता येईनात आणि पुरण्यासाठीही जागा होईना. पहिल्याच महिन्यात कॉलऱ्याने आणि आमांशाने सुमारे पन्नास हजार माणसं गेली.

मग शिधावाटप सुरू झालं आणि इथे खरी चूक झाली. एवढ्या गर्दीत घराघराची नोंद करायला वेळ नव्हता, म्हणून धान्य जुन्या गावप्रमुखांच्या हाती दिलं. त्यांनी माणसांचे आकडे फुगवले, जादा धान्य विकलं आणि पैसा सशस्त्र लोकांकडे वळला. मोजणी करू म्हटलं की हेच लोक आडवे येत. परत जायचं म्हणणाऱ्याला छावणीतच मारलं जाई. काही मदतसंस्था याच कारणाने बाहेर पडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्त सादाको ओगाता यांनी शस्त्रधाऱ्यांना वेगळं काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय फौज मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा झैरेच्याच सुमारे दीड हजार जवानांना पगार देऊन छावण्यांवर नेमावं लागलं. छावण्यांतून रवांडावर हल्ले चालूच राहिले. शेवटी 1996 च्या शरद ऋतूत रवांडाने आणि त्याच्या पाठिंब्यावरच्या बंडखोरांनी छावण्यांवर चाल केली. नोव्हेंबरमध्ये सहा लाखांहून जास्त लोक रस्ता धरून परत निघाले, बाकीचे जंगलात पश्चिमेकडे पळाले आणि त्यातले असंख्य मारले गेले. 1997 च्या मेमध्ये झैरेची राजवट कोसळली. पुढच्या वर्षी आणखी मोठं युद्ध पेटलं.

अंतराचा नियम माहीत असूनही यजमान देश छावण्या सीमेवरच का ठेवतात? कारण पन्नास किलोमीटर आत नेण्यासाठी हजारो ट्रक लागतात, जमीन लागते, पाण्याची नवी सोय लागते आणि आतल्या जिल्ह्यातले लोक विरोध करतात. शिवाय सीमेवर ठेवलं की लोक लवकर जातील अशी आशा असते. कधी निर्वासितच हलायला तयार नसतात. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासने 1981-82 मध्ये ला व्हिर्तुदची छावणी आत मेसा ग्रांदेला हलवली, तेव्हा एल साल्वाडोरमधून आलेल्या लोकांनी त्याला विरोध केला होता. शेत आणि नातलग सीमेपलीकडे दिसत असतात, ते सोडवत नाही.

काही यजमान मात्र छावणी सीमेवर मुद्दाम ठेवतात. पाकिस्तानने 1980 च्या दशकात तेच केलं. पार्श्वभूमी अशी, की 1893 ची ड्युरँड रेषा, म्हणजे दोन देशांमधली सीमा, अफगाणिस्तानने कधी मनापासून मानली नाही आणि 1947 मध्ये पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्रांतल्या प्रवेशाला विरोधात मत देणारा तोच एक देश होता. सोव्हिएत फौजा काबूलमध्ये उतरल्यावर तीस लाखांहून जास्त अफगाण पाकिस्तानात आले. शिधापत्रक हवं असेल तर पेशावरमधल्या सात मान्यताप्राप्त पक्षांपैकी एकाशी नाव जोडावं लागे. हे सातही पक्ष धर्माच्या नावावर उभे होते; पख्तुनिस्तानची, म्हणजे पश्तूनांच्या वेगळ्या देशाची, भाषा बोलणाऱ्या राष्ट्रवाद्यांना त्यात जागा नव्हती. निर्वासितांच्या नोंदवहीतून शेजारी देशाचं भावी राजकारण घडवण्याचा हा प्रयोग काही काळ पाकिस्तानला फायद्याचा वाटला. चाळीस वर्षांनी तीच माणसं सुरक्षेचा धोका ठरली. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये कागद नसलेल्यांना 1 नोव्हेंबरपर्यंत निघून जाण्याचा हुकूम निघाला. सोबत 50,000 पाकिस्तानी रुपयांपेक्षा जास्त रोकड नेता येत नव्हती. घर, गुरं, दुकान मिळेल त्या भावाने विकावं लागलं. काबूलवर दबाव आणण्याचा हेतू उघड होता. दबाव आला का? सीमेवरच्या चकमकी थांबल्या तर नाहीतच.

मालमत्तेचा हिशेब हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित भाग. माणूस गेला तरी शेत, घर, ठेव मागे राहते आणि त्यावर दुसरा निर्वासित बसवला जातो. मग पहिल्याच्या परतीला या दुसऱ्याचाच विरोध असतो. ग्रीस आणि तुर्कस्तानने 30 जानेवारी 1923 रोजी लोझानला सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. निकष एकच, धर्म. त्यामुळे घरात तुर्की बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानला. ग्रीसकडे सुमारे बारा लाख आले, तेही पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात. तुर्कस्तानकडे साडेतीन ते चार लाख. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान यांना वगळलं होतं. लगेच भांडण सुरू झालं की इस्तंबूलचा 'स्थायिक' रहिवासी कोणाला म्हणायचं, आणि 1925 मध्ये ते हेगच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेलं. मालमत्तेची किंमत ठरवायला मिश्र आयोग नेमला, पण लाखो दावे एकेक करून तपासणं अशक्य होतं. शेवटी 1930 च्या जूनमध्ये दोन्ही देशांनी ढोबळ वजावट करून विषय मिटवला आणि ऑक्टोबरमध्ये मैत्रीचा करार केला. ग्रीसचे नेते व्हेनिझेलॉस यांनी पुढे तुर्कस्तानच्या अतातुर्क यांचं नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवलं.

या कराराचे गोडवे गाणारे तिथेच थांबतात. मागे ठेवलेले दोन अल्पसंख्य गट हे खरं तर दोन्ही बाजूंचे ओलीस होते. सायप्रसवरून संबंध बिघडले तेव्हा 1955 च्या सप्टेंबरमध्ये इस्तंबूलच्या ग्रीकांची दुकानं आणि चर्च फोडली गेली. 1964 मध्ये ग्रीक पासपोर्ट असलेल्या हजारो जणांना वीस किलो सामानासह बाहेर काढलं.

भारत आणि पाकिस्तानने 8 एप्रिल 1950 च्या नेहरू-लियाकत करारात वेगळा मार्ग धरला होता. 31 डिसेंबरपर्यंत परत येणाऱ्याला त्याचं घर आणि जमीन परत मिळेल, अशी मुदत बंगालसाठी घातली. काही काळ लोक परतलेही. पंजाबात असं काही होण्याची शक्यताच नव्हती, कारण दोन्हीकडची घरं केव्हाच वाटली गेली होती. 1965 च्या युद्धानंतर दोन्ही देशांत 'शत्रू मालमत्ता', म्हणजे पलीकडे गेलेल्यांची मालमत्ता सरकारने ताब्यात घेण्याची तरतूद, आली आणि तो दरवाजाही बंद झाला.

मजुरांचं स्थलांतर यापेक्षा शांत दिसतं, पण त्यानेही युद्ध झालेलं आहे. 1969 सालच्या होंडुरास आणि एल साल्वाडोरच्या लढाईला लोक फुटबॉलचं युद्ध म्हणतात. सामने जूनमध्ये झाले हे खरं. पण होंडुरासमध्ये तेव्हा सुमारे तीन लाख साल्वाडोरी राहत होते, देशाच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून जास्त. एल साल्वाडोर 21,000 चौरस किलोमीटरचा, होंडुरास त्याच्या पाचपट, आणि माणसं मात्र एल साल्वाडोरमध्येच जास्त. होंडुरासने 1962 चा जमीन सुधारणा कायदा राबवताना जमीन फक्त तिथे जन्मलेल्यांना देण्याचं ठरवलं. हे राजकीयदृष्ट्या स्वस्त होतं, कारण मोठ्या जमीनदारांना हात लावावा लागत नव्हता. हजारोंनी साल्वाडोरी परत ढकलले गेले आणि एल साल्वाडोरच्या सत्ताधाऱ्यांना त्यांची धास्ती बसली, कारण परत आलेला भूमिहीन आता त्यांच्याकडे जमीन मागणार होता. 14 जुलैला त्यांचं सैन्य सीमेपलीकडे गेलं. लढाई चारच दिवस चालली. शांतता करार व्हायला 1980 उजाडलं, सीमेचा निवाडा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1992 मध्ये दिला, आणि मध्य अमेरिकेची सामायिक बाजारपेठ कायमची लंगडी झाली. 1990-91 मध्ये कुवेतच्या प्रश्नावर येमेनची भूमिका पटली नाही म्हणून सौदी अरेबियाने लाखो येमेनी कामगारांच्या सवलती काढून घेतल्या, तेव्हा युद्ध झालं नाही. पण मजूर हा वैऱ्याच्या हातातला लगाम असतो, हे तिथेही दिसलं.

नुसतं फाटक उघडूनही दबाव आणता येतो. 2021 च्या मेमध्ये स्पेनने पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ संघटनेच्या नेत्यावर उपचार केले म्हणून मोरोक्कोने आपल्याला लागून असलेल्या सेउता या स्पॅनिश शहराच्या सीमेवरची राखण ढिली केली. दोन दिवसांत आठ हजारांच्या आसपास लोक आत आले. 2022 च्या मार्चमध्ये स्पेनने पश्चिम सहाराबाबत मोरोक्कोच्या स्वायत्ततेच्या योजनेला पाठिंबा दिला. त्यामागे एवढं एकच कारण नव्हतं, पण हे होतंच. बेलारूसने त्याच वर्षी पोलंडवर असाच डाव टाकला. पोलंडने कुंपण घातलं, युरोपीय संघाने निर्बंध वाढवले आणि हाती काही लागलं नाही. माझ्या मते फरक एवढाच, की स्पेनला मोरोक्कोची रोज गरज होती. पोलंडला बेलारूसची नव्हती.

यातून एक चांगली गोष्टही निघते, मात्र अनिच्छेने. एकमेकांशी न बोलणाऱ्या देशांना स्थलांतरावर बोलावंच लागतं. 1980 मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाख क्युबन अमेरिकेत पोहोचले. 1984 च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सरकारांनी परत घ्यायच्या 2,746 जणांची नावानिशी यादी केली. राजनैतिक संबंध नसतानाही हे झालं. पाचच महिन्यांत अमेरिकेने क्युबाच्या सरकारविरोधी प्रसारण करणारा रेडिओ मार्ती सुरू केला, क्युबाने करार थांबवला आणि 1987 पर्यंत तो थांबलेलाच राहिला. म्हणजे अशा कराराचा धागा दुसऱ्या कोणत्याही भांडणाने तुटू शकतो. तरी 1994 मध्ये तराफ्यांवरून हजारो लोक निघाले तेव्हा तोच धागा पुन्हा जोडला गेला, आणि वर्षाला किमान वीस हजार जणांना कायदेशीर प्रवेश देण्याचं ठरलं. त्यानंतर अनेक वर्षं या दोन देशांतली नियमित बोलणी म्हणजे स्थलांतराची बोलणी.

धागा पूर्ण तुटला तर काय करायचं, हे कोलंबियाने दाखवलं. 2015 मध्ये व्हेनेझुएलाने सीमा बंद करून कोलंबियनांना हाकललं होतं. काही वर्षांत ओघ उलटा झाला आणि लाखो व्हेनेझुएलन कोलंबियात आले. 2019 च्या फेब्रुवारीत संबंध तुटले, वकिलाती बंद झाल्या. पासपोर्ट संपलेल्याला नवा मिळेना, आणि पासपोर्टशिवाय परवाना मिळेना. कोलंबियाने मुदत संपलेले पासपोर्ट दोन वर्षं ग्राह्य धरण्याचा निर्णय घेतला. तिथे जन्मलेल्या मुलांची नोंद व्हेनेझुएलाच्या वकिलातीत होऊ शकत नव्हती, म्हणून ती कोणत्याच देशाची राहिली नसती. ऑगस्टमध्ये अशा चोवीस हजारांहून जास्त मुलांना कोलंबियन नागरिकत्व देण्याचं ठरलं. 2021 मध्ये दहा वर्षांचा तात्पुरता संरक्षण दर्जा आला, त्यासाठी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद कोलंबियानेच केली. पलीकडच्या सरकारकडून एकही कागद मागवावा लागला नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये दोन्ही देशांनी पुन्हा राजदूत नेमले, तेव्हा या लोकांचं काय करायचं हा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर कोणाला ओलीस धरण्यासाठी शिल्लकच नव्हता.